पिकपचा पोळा

॥ श्री ॥
रामाकोना, ता. २ जुलै २०२५

चि. सौ. वच्छलास केशवचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी लिही. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिलो म्हणशील. मले ऐकू कमी येते म्हणून मी ओरडून बोलतो, अन् मी ओरडलो की अर्ध्या गावाले बातमी पोचते. ही बातमी अंकुरच्या कानावर जायची नाही.

तर तुझा भाचा आपली पिकप भंगारात देऊन राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भंगारवाला येणार. त्या जागेवर टिनाचं शेड घालायचं म्हणते. मी म्हटलं, अरे, याच गाडीनं संत्रा नागपूरले नेला अन् तुले शिकवलं. तर म्हणते, बाबा, सतरा वर्षं झाली ती विटांवर उभी आहे, आतमध्ये कोंबड्या अंडी घालून राहिल्या. कोंबड्यांचं खरं आहे. पण वच्छे, ती गेली तर मले इथं करमणार नाही, सांगून ठेवतो.

शेवटी हसत म्हणाला, आपल्या पायानं फाटकाबाहेर निघाली तर ठेवू. म्हणजे मले येडा समजते. उलट्या कामात तुझं डोकं लहानपणापासून चालते, म्हणून तुलेच विचारतो. जवाईबापूंना नमस्कार. माया आहेच, अक्कल पाठव.

तुझा,
केशवभाऊ

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. ९ जुलै २०२५

ती. स्व. केशवभाऊस वच्छलाचा सा. न. वि. वि.

गुडघे जागेवर आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझं पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं.

आबांचा नियम विसरलास काय? पोळ्यात तोरणाखाली उभा केला, पुरणपोळी चारली, की तो बैल पुढच्या पोळ्यापर्यंत विकायचा नाही. आपला पवळ्या घ्यायले व्यापारी आला तेव्हा याच अंकुरनं त्याच्या गळ्याले मिठी मारली होती. नऊ वर्षांचा होता. आबांचा नियम ओरडून ओरडून सांगून त्यानं व्यापाऱ्याले परत पाठवलं. आता घरी बैल नाहीत. पण गाडीले चार चाकं तर आहेत नं? तिले सजव अन् तोरणाखाली उभी कर. मग पाहू आपलं बाळ काय बोलते ते. मात्र ढकलत नेऊ नको. आपल्या पायानंच गेली पाहिजे.

त्यासाठी सौसरले वामनभाऊकडे जा. ते जुनं इंजिन त्याच्याशिवाय कोणाच्या बापाले समजत नाही. हो, माहीत आहे, तू त्याच्याशी बोलत नाहीस. त्यानं गाडी तपासून दिली अन् दुसऱ्या दिवशी ती बंद पडली, म्हणून तू त्याले चारचौघात खोटारडा म्हटलं. त्याची काही चूक नव्हती, भाऊ. मले कसं माहीत ते विचारू नको. जाऊन माफी माग.

रंग पोपटी दे, तुझा तो मातकट नको. लाकडी शिंगं बसव, त्यांच्या टोकांवर पितळी शेंब्या पाहिजेत. अन् चढायले एक बुटकी पायरी लाव, माझ्यासारखीले चढता आलं पाहिजे. लोभ असू दे, हट्ट सोड.

तुझी,
वच्छला

॥ श्री ॥
रामाकोना, ता. २५ जुलै २०२५

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

गेलो बाई वामनकडे. दारात उभा राहिलो. तो जय भीम म्हणाला, मीही म्हणालो, अन् मग दोघंही आपापल्या चपला पाहून राहिलो. त्याच्या घरच्या शांताबाईनं चहा आणला म्हणून बरं झालं. वामन म्हणे, चारचौघात बोलला होतास, माफीही चारचौघात. मी तयार झालो. तर यानं गॅरेजातली माणसं मोजली. तिघंच निघाले. म्हणे, चौथा येऊ दे. अर्धा तास मी बाकड्यावर बसून राहिलो, मग एक पंक्चरवाला आला अन् माझी सुटका झाली. माफी मागताना आवाज एवढा मोठा निघाला की सडकेवरचे लोक थांबले. वामनचे डोळे भरून आले होते, पण मले म्हणे डोळ्यात ग्रीस गेलं.

तो रोज येऊन राहिला. भंगाराचा भाव वाढावा म्हणून साफ करतो, असं अंकुरले सांगितलं. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, चार टायर घातले. रंग पोपटीच दिला, सूनबाई डिंपल पाहून पाहून हसते. बोनेटवर सागाची शिंगं बसवली. पायरी लावली, तिच्यावर खरखरीत रबरही मारलं, तुझा पाय घसरू नये म्हणून.

पण गाडी चालू होत नाही, वच्छे. इंजिन फिरते, दोनदा खोकलते अन् बसते. त्या वर्षी असंच झालं होतं. वामन आता म्हणते, नाद सोड. चार आठवडे राहिले. काल मी ताडपत्रीमागं जाऊन रडलो, हे कोणाले सांगू नको.

तुझा हरलेला भाऊ,
केशव

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. ३० जुलै २०२५

ती. स्व. भाऊस सा. न. वि. वि.

राखी सोबत आहे. रडू नको, तुले शोभत नाही.

मले गाडीतलं काही कळत नाही. पण बाप्पा, श्वास घ्यायचा तसा सोडायचाही असते नं? तुम्ही सगळे पुढूनच पाहून राहिले. मागं धूर निघते त्या नळीत कोणी पाहिलं काय? लांब तारेले आकडा करून, हातभर आत. सहज सुचलं, दुसरं काही नाही.

हे पत्र वाचून चुलीत टाक. माया राहू दे, काही झालं तरी राहू दे.

तुझी,
वच्छला

॥ श्री ॥
रामाकोना, ता. ६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

पत्र चुलीत टाकलं नाही. वामनले वाचून दाखवलं.

सायलेन्सरमध्ये तार घातली. हातभर आत, तू लिहिलं तिथंच. गच्च कोंबलेला कपडा निघाला, वरून काळाकुट्ट. तो काढला अन् गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली! सगळ्या कोंबड्या झाडावर चढल्या. वामन हसता हसता जमिनीवरच बसला.

मग त्यानं तो कपडा सोड्यानं धुतला अन् दोरीवर वाळत घातला. हिरवा, लाल काठाचा. मायचं जुनं लुगडं, ज्याचे तुकडे तू त्या वर्षी गोधडी शिवायले घेतले होते. मी तुले काही विचारत नाही. वामन विचारून राहिला.

केशवभाऊ

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. ११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. भाऊस वच्छलाचा खाली मान घालून नमस्कार.

हो, मीच.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेळा, घर पाहुण्यांनी भरते. सासूबाईंचा हुकूम असे की सुनेनं पोळ्याच्या आधी परत आलं पाहिजे. लग्न झाल्यापासून एकही पोळा मी माहेरी पाहिला नाही. त्या वर्षी माय म्हणाली, वच्छे, एकदा तरी राह्य. तू मले सोडून द्यायले सकाळीच गाडी पुसून राहिला होता. तू आंघोळीले गेला अन् मी लुगड्याचा तुकडा पोळ्या लाटायच्या बेलण्यानं धुराच्या नळीत ठोसला. म्हटलं, चार दिवस बंद राहील, मग काढून घेऊ.

मले काय माहीत तू तासाभरात अर्धं इंजिन खाटेवर मांडशील! तेवढ्यात हे स्कूटर घेऊन न्यायले आले. पोळाही गेला अन् गाडीही. पुढच्या वेळी आले तर तू वामनभाऊले तोडून बसला होता. मग माझी जीभ उचललीच नाही. मायही गेली. सतरा वर्षं हे पोटात ठेवलं, भाऊ. तुझे नागपूरचे फेरे बुडाले, तुझा दोस्त तुटला, सगळं माझ्यापायी. वामनभाऊले सांग, मी त्याच्या पाया पडते.

गाडी सजव. मी नसले तरी माझ्या नावाची पोळी तिले चार. रागावला असशील तर रागाचंच पत्र लिही, पण लिही.

तुझी अपराधी,
वच्छला

॥ श्री ॥
रामाकोना, ता. १४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

एक दिवस रागावलो. तुझ्यावर नाही, माझ्यावर. मायनं मलेही सांगितलं होतं, पोरीले पोळ्यापर्यंत ठेव. मी म्हटलं, तिच्या घरचे काय म्हणतील.

वामननं शिक्षा ठरवली आहे. पोळ्याले इथं यायचं अन् चारचौघात माफी मागायची. माणसं तो मोजेल. जवाईबापूंना मी फोन केला, गावानंही ऐकला. ते हो म्हणाले, पण रविवारी सकाळी घरी पोचवायची अट घातली. मेळ्याचे पाहुणे तुझी सून प्रतिभा पाहते. गुरुवारच्या बसनं ये. बेलणं आणू नको.

तुझा,
केशवभाऊ

॥ श्री ॥
रामाकोना, ता. २४ ऑगस्ट २०२५

श्री. रा. रा. जवाईबापू भगवंतराव यांस केशवचा सप्रेम नमस्कार.

पोळा असा झाला की काय सांगू! आदल्या सांजेले वच्छलानं गाडीच्या मडगार्डले हळद-तूप चोळलं अन् कानात, म्हणजे आरशाजवळ, म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. शुक्रवारी बाशिंग, झूल, घुंगरमाळ घालून गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर निघाली. स्टेअरिंग वामनच्या हाती, बाजूले मी, मागं तुमच्या सौभाग्यवती. आमच्या अंकुरचं तोंड उघडंच राहिलं. तोरणाखाली वच्छलानं त्याच्या हाती पुरणपोळी दिली अन् म्हणाली, चार. त्यानं बोनेटवर ठेवली, गाडीले हात जोडले, अन् तेव्हा आबांचा न विकायचा नियम त्याच्या ध्यानात आला. मग एवढा हसला, एवढा हसला! शनिवारी भंगारवाल्याले त्यानंच चहा पाजून परत पाठवलं. वच्छलाची माफीही झाली. वामननं चौघं मोजले होते, जमले चाळीस.

आता कामाचं. आज सकाळी वच्छलाले सोडून द्यायले निघालो तर गाडी दोनदा खोकलली अन् बसली. वामननं पुढून सगळं तपासलं. मागून पाहायची गरज नाही म्हणते. चार दिवस तरी लागतील. फोन केला असता, पण फोन ऐकून तुम्ही लगेच स्कूटर काढाल. पत्र आरामात पोचते. प्रतिभाले सगळं सांगितलं आहे, ती तुम्हाले काळजी करू देणार नाही.

आमच्यावर लोभ ठेवा, निदान गुरुवारपर्यंत.

आपला,
केशवराव

ता. क. दोरीवर वाळत घातलेला मायच्या लुगड्याचा तुकडा वच्छला सकाळपासून शोधून राहिली. मी म्हटलं, वाऱ्यानं उडाला असेल.