शेऱ्याच्या रकान्यात नवरी

प्रिय थर्झाताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोघांना उतार पडला असेल अशी आशा आहे. हे पत्र तिसऱ्यासाठी.

लग्नाला बारा दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, तेव्हा काय घडलं ते एकदा माझ्याकडून ऐक. अँब्रोज भाचीचं लग्न विसरून डोंगरावर फुलपाखरं मोजत बसला, असं गावात सांगतात ते धादांत खोटं आहे. मी विसरलो नव्हतो. बसलोही नव्हतो. फुलपाखरं चालत मोजतात.

तुला माहीतच आहे (तू ऐकलं नसलंस तरी मी पुष्कळदा सांगितलंय) की देशभरातल्या अकरा जागी आम्ही माणसं दर बुधवारी एकाच पद्धतीनं पाऊस, ओढ्याचं पाणी, बेडूक, पतंग, फुलपाखरं सगळं मोजतो, आणि ते आकडे एकत्र मांडले की हवा, माती, जीवजंतू कसे बदलताहेत ते देशाला कळतं. आपल्या डोंगराचे सव्वीस वर्षांचे बुधवार माझ्या हस्ताक्षरात आहेत. एकही कोरा नाही. आणि पाद्रीबुवांना चार गावं सांभाळायची म्हणून लग्न निघालं ते नेमकं बुधवारी, साडेबाराला! यात माझा काय दोष?

सकाळी सहालाच पावसाच्या नि ओढ्याच्या पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या बदलून आलो, आंघोळ केली, करडा सूट चढवला. राहिली फुलपाखरं. ती पावणेअकराच्या आधी मोजायची नाहीत आणि ऊन हवं, असा नियम. मी सूट घालूनच वर गेलो आणि ढगांकडे बघत उभा राहिलो. सव्वाअकराला ऊन पडलं. दोन किलोमीटरची वाट, तिचे दहा टप्पे, आणि घाई करायची नाही. तिसऱ्या टप्प्यात डावा पाय मांडीपर्यंत दलदलीत गेला. पाय निघाला, बूट राहिला.

आठव्या टप्प्याशी पोचतो तर खाली फाटकापाशी फुलं बांधलेली गाडी थांबली आणि आपली रोवीना उतरली, पांढऱ्या झग्यात, हातात गुच्छ. गिल्बर्ट दाजी आता आपल्यात नाहीत, म्हणून तिला चर्चमध्ये हात धरून न्यायचं काम माझं. मी कुठे सापडेन हे फक्त तिला ठाऊक. मला वाटलं, आता ही मला त्याच दलदलीत पुरणार. ती म्हणाली, "मामा, किती राहिलेत?"

"तीन टप्पे, बाळा."

"मग चल की. पेन्सिल आण इकडे. हात बघ कसे करून घेतलेस!"

झगा गुडघ्यापर्यंत उचलून ती मागून चालू लागली. मी नाव सांगायचं, तिनं लिहायचं. खरी पंचाईत नवव्या टप्प्यात झाली. दोन पांढरी फुलपाखरं कुठूनशी येऊन थेट तिच्या गुच्छावर बसली. आता ही डोंगराची की लग्नाची? मी म्हटलं, मोजायची नाहीत, आमिषानं आलीत. ती म्हणे, वाटेपासून ठरलेल्या अंतराच्या आत आहेत, मोजायचीच. बारा वाजून गेलेले, आणि आम्ही दोघं चिखलात उभे राहून तावातावानं भांडतोय! शेवटी मुख्य कचेरीतल्या पॉम्फ्रेटबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोजा. शेऱ्यात लिहा, नवरी हजर." राष्ट्रीय नोंदीत ते आता कायमचं आहे. आपल्या घराण्यातलं दुसरं कोणी तिथवर पोचलंय का, सांग!

चर्चमध्ये वीस मिनिटं उशीर झाला, मान्य. झग्याची कड काळीकुट्ट होती आणि माझ्या एका पायात गाडीत सापडलेला रबरी बूट होता, तेही मान्य. पण पोरगी माझा दंड धरून हसत चालत होती, तू सोडून सगळे हसत होते, आणि आकडा तेवीस आला. तेव्हा माफी मागण्यासारखं काही घडलं असं मला वाटत नाही.

तुझा भाऊ,
अँब्रोज

ता. क. पुढच्या महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. (दोन्ही डोळे. आकडे बरोबरच आहेत.) तीन बुधवार रोवीना सांभाळते म्हणते, पण आधी आईला विचार म्हणाली. हो म्हण ना.

आणखी एक. बुधवार लागतो तो बाटल्यांना. फुलपाखरं आठवड्यातून एकदा मोजली की झालं. गुरुवारी चाललं असतं. त्या सकाळी सूट घालून आरशासमोर उभा राहिलो, आणि दाजींच्या जागी चालायचं या विचारानं पाय उचलेना. डोंगरावर तो उचलतो, म्हणून वर गेलो. गुरुवारचं रोवीनालाही माहीत आहे. तिन्ही टप्पे संपेपर्यंत तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.