राजलक्ष्मी वाइंडिंग वर्क्स

मल्लेश्वरम, बंगळूर
२० जून १९९४

ती. सौ. अक्कास,
रघुजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तू नारळ फोडून बेळगावला परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात पहिला मिक्सर आला. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तू एकटी म्हणालीस की जन्मभर दुसऱ्यांच्या मोटरी बांधल्यास, आता स्वतःच्या नावावर बांध. नाव मात्र मी तुझंच दिलं. ‘राजलक्ष्मी वाइंडिंग वर्क्स’ अशी पाटी भर रस्त्यावर झळकते आहे. भाओजींना म्हणावं, आता जरा जपून बोला.

मालक मी, कामगार मी, झाडूवालाही मीच. सकाळी शटर वर केलं की वाटतं, कोणीतरी हजेरी घेईल. कोणी घेत नाही, मग मुकाट्याने कामाला बसतो. दुकानात मिक्सर आणि ग्राइंडर इतके झालेत की पाय ठेवायला जागा नाही. अक्का, हे सगळं तुझ्या एका वाक्यामुळे झालं. आभार मानले तर तू रागावशील, पण मानल्यावाचून राहवत नाही.

भाओजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, थोडा दुकानावरही असू दे.
तुझा,
रघुजी


मल्लेश्वरम, बंगळूर
२ ऑगस्ट १९९४

ती. सौ. वन्संना,
पद्मावतीचा सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. दुकानात जागा नाही, असं यांनी तुम्हाला कळवलं ते खरंच आहे. पण का नाही, ते कळवलं नसेल. मिक्सर येतात, दुरुस्त होतात आणि तिथेच राहतात. बायका न्यायला आल्या की हे ‘नाळे बन्नी’, उद्या या, म्हणून वाटेला लावतात. शेजारच्या रम्याचा मिक्सर छान फिरताना मी स्वतः पाहिला, तरी दिला नाही. ती बिचारी पाट्यावर चटणी वाटते आणि मला ऐकू येईल असे सुस्कारे टाकते.

खोदून विचारलं तेव्हा बोलले. कारखान्यात यांनी बांधलेली प्रत्येक मोटर इन्स्पेक्शनला जायची. तिथले इन्स्पेक्टर हयवदनराव ती चालवून बघायचे, ‘सरी’, ठीक आहे, म्हणायचे, आणि मगच ती बाहेर पडायची. आता हे म्हणतात, पास कोणी करायची? माझंच काम मीच बरं कसं म्हणू?

गिऱ्हाइकं चिडली आहेत, नवीन कोणी फिरकत नाही. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने नोकरीला बोलावलं आहे. दसऱ्याला पाटी उतरवून तिकडे जायचं, असं यांनी ठरवत आणलं आहे. वन्सं, नोकरीला माझी ना नाही. पण दुकान काढल्यापासून हे जेवताना गुणगुणायला लागले होते, ते थांबलं. त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या शब्दाबाहेर हे नाहीत, म्हणून कळवलं.

चुकलंमाकलं पोटात घालावं आणि माया असावी.
आपली,
पद्मावती


बेळगाव
१० ऑगस्ट १९९४

चि. रघुजीस,
अ. उ. आशीर्वाद.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि तिच्यावर डोळेही वटारू नकोस. माझ्या नावाची पाटी लावायची आणि तिच्याखाली लोकांचे मिक्सर डांबून ठेवायचे! इथे मला उचक्या लागतात त्या उगाच नव्हेत.

लहानपणीही गणित सुटलं तरी मी बरोबर म्हटल्याशिवाय तू जेवायला उठत नव्हतास. जित्याची खोड ती, मोडायच्या भानगडीत मी पडत नाही. तुमचे हयवदनराव निवृत्त होऊन राजाजीनगरातच राहतात ना? त्यांना दुकानात एक खुर्ची दे, वेळेवर कॉफी दे आणि सरी म्हणवून घे. मागायला लाजू नकोस. पाटी उतरवायचीच असेल तर मी येईन तेव्हा उतरव. माझ्यासमोर तुझा हात धजतो का, ते बघते.

पद्मावतीला जप. पत्राला उत्तर नको, मिक्सर घरोघरी गेल्याचं कळव.
तुझी काळजी वाहणारी,
अक्का


मल्लेश्वरम, बंगळूर
१८ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. अक्कास,
रघुजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं ऐकलं. श्रावणापासून हयवदनराव रोज येतात. मी मोटर सुरू करतो, ते तिच्यावर हात ठेवतात, माझ्याकडे बघतात, सरी म्हणतात आणि मिक्सर आपल्या घरी जातो. अडकलेले सगळे गेले. रम्या डबाभर चटणी देऊन गेली. आयुधपूजेला दुकान झेंडूने सजवलं, पण पीण्याच्या नोकरीला नाही म्हणायचा धीर होईना. हयवदनराव रोज थोडेच येणार, असं वाटायचं.

काल एक ग्राइंडर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, परत खोल. त्यातलं एक बेअरिंग मला पहिल्यापासून शंकेचं वाटत होतं. खोलून पाहिलं तर तेच झिजलेलं निघालं. मी त्यांचे पाय धरायला गेलो. म्हटलं, असा कान अख्ख्या बंगळुरात नाही. ते नुसते बघत राहिले. मोठ्याने म्हटलं तेव्हा हसले आणि म्हणाले की मशिनींच्या आवाजात कान केव्हाच गेले, निवृत्तीच्या कितीतरी आधी. घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नाही.

मग पास कसं करायचात, मी ओरडूनच विचारलं. तर म्हणाले, इतरांच्या मोटरी हाताला कळायच्या. तुझ्या मोटरीसाठी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तोंड निवांत असलं की सरी. आज नव्हतं.

अक्का, मग नवं बेअरिंग घातलं, ग्राइंडर सुरू केला आणि नीट ऐकला. हयवदनराव कॉफी पीत मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. मी ग्राइंडर उचलला आणि बाहेर थांबलेल्या बाईंच्या हवाली केला. संध्याकाळी पीण्याला नकार कळवला.

घरी जाताना हयवदनरावांचे आभार मानू लागलो, तर कानांवर हात ठेवून म्हणाले, काही ऐकू येत नाही. त्यांच्या वाटचेही तुलाच पाठवतो, तुला तरी ऐकू येतील. असाच जीव लावत राहा.

तुझा,
रघुजी