सवाटचा राहिलेला नवस

मी, प्रनॉम खेमथोंग, कै. सवाट खेमथोंग यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार कालव्याकाठी, थाप लाम, धंदा फुटबॉल मैदानाच्या फाटकाशी मांसाचे गोळे भाजून विकणे, कुणीही भरीस न घालता हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. बाई शेजारच्या गावाच्या क्लबाच्या बाजूच्या आहेत, तरी दिला, म्हणजे तो खराच असणार.

कलम एक. गाडी, शेगडी आणि चिंचेच्या तिखट रसाची कृती माझी भाची माली हिला. ज्या वर्षी आमचा क्लब, म्हणजे आमचे काळे मांगूर, पहिल्यांदा आणि एकदाच देशाच्या सर्वांत वरच्या साखळीत खेळले, त्या वर्षी या गाडीपुढे बँकॉकची माणसं रांग लावून उभी राहिली. आम्ही जवळजवळ दर सामन्याला मार खात होतो आणि गावात इतका आनंद मी पुन्हा पाहिला नाही. कॅमेरूनहून आलेला आमचा खेळाडू मानू हरल्यावर गाडीशी येऊन म्हणायचा, "मावशी, जास्त तिखट घाल. डोळ्यांत पाणी कशानं आलं ते लोकांना कळायला नको." त्या दिवसांची मला फार आठवण येते.

कलम दोन. क्लबाच्या सध्याच्या अध्यक्षांना काहीही नाही. त्यांनी आमचा काळा रंग टाकून नारिंगी आणला. मांगूर मासा कधी नारिंगी असतो का? माझ्या अंत्यविधीला त्यांच्या नावाची पट्टी लावलेलं पुष्पचक्र आलंच, तर ते देवळामागच्या कोंबड्यांपुढे टाकावं.

कलम तीन. राहतं घर माझा मुलगा कोंगदेत याला. घरावर बँकेचा बोजा नाही. नवसाचा आहे, तो असा.

वरच्या साखळीतल्या त्या एकमेव मोसमाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. जिंकलो तर वर टिकणार, नाहीतर खालच्या साखळीत जाणार. माझे यजमान सवाट संघाची बस चालवायचे. सामन्याआधी ते गोलामागच्या देव्हाऱ्यातल्या मैदानआजोबांपुढे, म्हणजे मैदानाच्या राखणदार देवापुढे, लाल सरबताची बाटली ठेवून गुडघ्यांवर बसले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "आजोबा, आज आम्हाला हरू देऊ नका! माझ्या घरचा पुरुष बायकोचं सिन, कमरेला गुंडाळायचं लुगडं, नेसून मैदानाच्या मधोमध नाचेल!"

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. अगदी शेवटी मानूनं डोक्यानं मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावर आपटून परत आला. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. आम्ही खाली गेलो.

"आजोबांनी ऐकलं नाही. मी नाही नाचणार," सवाट म्हणाले.

मैदानावर ढोल वाजवणारा आमचा शेजारी प्रतुआंग तिथंच उभा होता. "तू मागितलंस काय? हरू देऊ नका. हरलो का आपण? त्यांनी शब्द पाळला, आता तू पाळ."

"अरे, खाली गेलो की आपण!"

"मग 'जिंकवा' म्हणायला जीभ झडली होती का तुझी?"

त्याच संध्याकाळी प्रतुआंगनं ढोल आमच्या ओसरीवर आणून आदळला. "नाचशील त्या दिवशी वाजवीन. तोवर सांभाळ." दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत, आणि प्रतुआंगनं दुसऱ्या कुठल्याच ढोलाला हात लावला नाही. हट्टाला दोघंही एकाच माळेचे मणी.

पण सवाट दर मोसमाच्या आधी लाल सरबत घेऊन आजोबांकडे जायचे आणि सांगायचे, "यंदा वर न्या, मागचं-पुढचं एकदम फेडतो." मी म्हणायचे, "अहो, एकदाचं फेडून मोकळे व्हा ना." एकदा त्यावर म्हणाले, "फेडलं की आजोबा आपल्याला विसरतील गं. ज्याच्याकडे काही येणं आहे, त्याला कुणी विसरत नाही." मी तेव्हा हसले.

ते गेले. क्लब तिसऱ्या साखळीत जाऊन बसला आहे. आणि आमच्याकडे नवस राहिला की माणूस पुढे जात नाही. ते त्या गोलामागं उन्हापावसात ताटकळत उभे असतील, हे मला सहन होत नाही. म्हणून कोंगदेतनं मैदानाच्या मधोमध नाचावं, मगच घर नावावर करावं. तो बँकेत मॅनेजर आहे. फोनवर म्हणाला, "आई, लोक मोबाइलवर काढतील गं!" मी म्हटलं, "काढू देत. नाहीतर घर देवळाला देते. तिथं कोंबड्या राहतील."

कलम चार. माझं लग्नातलं हिरवं रेशमी सिनही कोंगदेतला. कमरेला कापड जोडून वाढवलं आहे. त्याचं पोट मला ठाऊक आहे. दरवर्षी सवाट दार लावून हेच नेसायचे आणि तालीम करायचे. फार वाईट नाचायचे. कोंगदेतनं चांगलं नाचलंच पाहिजे, अशी अट नाही.

कलम पाच. ढोल प्रतुआंगला परत.

नोंद. साक्षीदार म्हणून मी प्रतुआंगलाच बोलावलं होतं. तो आला, चष्मा लावला, पेनही उघडलं. तेवढ्यात तालुका कचेरीतला कारकून म्हणाला, "काका, मृत्युपत्रात तुम्हाला ढोल मिळतोय. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. ढोल सोडा, नाहीतर सही सोडा."

प्रतुआंगनं पेनाला टोपण लावलं. "सही कुणीही करील. सवाटसाठी वाजवायचंय ते मलाच."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू मरायची वाट कशाला बघायची, वहिनी? पोराला रविवारी बोलाव. कातडं सैल पडलं असेल, ढोल मी आजच नेतो."

म्हणून कलम पाच माझ्या हयातीतच पुरं झालं असं समजावं. कलम तीनचं रविवारी कळेल.

लिहून देणार: प्रनॉम खेमथोंग (सही)

साक्षीदार: १. सुरांग फानवोंग, शिक्षिका (सही)
२. मानोप चायरुंग, टपालवाले (सही)

थाप लाम तालुका कचेरी, शुक्रवार, बौद्ध संवत २५६७, मोसम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात.