देवाच्या रेडिओवर दुकानाचं नाव

नाही, मी रेडिओवर ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे, बापाचाही तसाच होता. तिकडे ऑकलंडला कोणी तुला काही बोललं असेल तर त्याला सांग, देणगी पुकारायची असते, कानात कुजबुजायची नसते. (कोणी बोललं नसेल तर उत्तम. पण आपली माणसं मला ठाऊक आहेत.)

तर मासिनाबाई, तुला, तुझ्या नवऱ्याला आणि पोरांना या थोरल्या भावाचा मानाचा नमस्कार. आपल्यात बहिणीचा मान पाद्रीच्या बरोबरीचा, हे मी विसरलेलो नाही, म्हणून आधी तुझी विचारपूस. गुडघा कसा आहे? थंडीत दुखत असणारच. तिकडे राहायला मी सांगितलं नव्हतं. इथे देवाच्या दयेने सगळं ठीक आहे. ब्रेडफ्रूट झाडाखाली पडून सडतंय, डुकरांचीसुद्धा खायची इच्छा राहिलेली नाही. आई अजून चटईवरच आहे. माकडहाड मोडल्यापासून तिचं चर्च म्हणजे उशाशी ठेवलेला तो रेडिओ. प्रार्थना लागली की आवाज बारीक करते, देणग्या पुकारायला लागलो की मोठा करते. कोणी काय दिलं, कोणी मागच्या वेळेपेक्षा कमी दिलं, सगळं तिला पाठ असतं. त्यावर ती जगते आहे, डॉक्टरच्या गोळ्यांवर नाही.

आणि तोच रेडिओ बंद पडायची वेळ आली होती, बाई. मशीन बिघडलं म्हणून नाही. राजधानीतून, आपिआहून, सरकारी चिठ्ठी आली. तुला माहीत असेल (नसेल तर आता माहीत करून घे) की आपल्या स्टेशनाला परवाना आहे तो धर्माचा. धर्माचा परवाना स्वस्त असतो. त्यात भजन चालतं, बायबल चालतं, मयताची बातमी चालते. जाहिरात चालत नाही. खर्च लोकांच्या दानातून भागवायचा. जाहिरात करायची असेल तर धंद्याचा परवाना घ्या, आणि तो घ्यायचा तर चर्चचं छप्पर विकावं लागेल. हे सगळं ठीकच आहे. पण आपिआत कोणीतरी आपला कार्यक्रम ऐकला आणि कळवलं, की हे लोक देवाच्या नावाखाली दुकानाची जाहिरात करतात.

चौकशीला इसाको नावाचा साहेब आला. पोरगेलासा, पायात चकचकीत बूट, दर वाक्याला कलम अमुक. पाद्रीबुवा सोलोमोना तर एवढे घाबरले की त्यांनी एकाच जेवणाला दोनदा प्रार्थना म्हटली. सगळे पाद्रीच्या घरात मांडी घालून बसलो. मागच्या खोलीतच स्टेशन, मधे नुसता पडदा. साहेबाने विचारलं, गेल्या रविवारी लेउतूचं दुकान असा उल्लेख कोणी केला?

मी म्हटलं, मी केला. तिने बिस्किटांची पेटी देवाला दिली. देणारीचं नाव न घेता पेटी आत घेऊ?

"नाव घ्या हो काका. पण तुम्ही पुढे म्हणालात, लेउतूचं दुकान, जिथे बर्फसुद्धा मिळतो."

"तो अलंकार आहे."

"बर्फ?"

"बर्फ."

साहेबाने कपाळ चोळलं. आता त्याला कोण शिकवणार? मी गावचा पुकारणारा. काठी आणि चवरी बापाकडून आली, शाळा चौथीतच सुटली. देणगी आली की उभं राहून देणाऱ्याचं कूळ, गाव, आजा-पणजा सगळं मोठ्याने सांगायचं, थोडं सजवून सांगायचं. न पुकारता देणगी आत नेली तर तो देणाऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखा अपमान. राजाला सांगताना समुद्र आणि चंद्र लावायचे. लेउतूला काय लावू? तिच्याकडे बर्फ आहे, बर्फ लावला. (लेउतू कडेलाच बसली होती. म्हणाली, "थंडगार म्हणायचं राहिलंच याचं." तिला मी गप्प केलं.)

साहेब काही ऐकेना. ही जाहिरातच, म्हणाला, परवाना रद्द करण्याची शिफारस करावी लागेल. पाद्रीणबाईंनी कोकोचे पेले आणले आणि साहेबाचा काठोकाठ भरला. मला आईची उशी दिसायला लागली आणि उशीशेजारी मुका डबा.

पण हा साहेब कितीही शिकला तरी कोणा आईचं लेकरूच. पाद्रीच्या घरी रिकाम्या हाताने कोणी जातं का? बोलणं आटोपल्यावर त्याने गाडीतून डबाबंद मांसाची एक पेटी आणवली आणि हळूच पाद्रीबुवांपुढे सरकवली. नुसती सरकवली, बाई. मांजराने उंदीर आणून ठेवावा तशी. आता हे मी बसून बघू? मी उठलो, पडदा बाजूला केला (आत उजेड पडावा म्हणून. माईक चालू होता का, हे तू विचारू नकोस), काठी टेकली, चवरी खांद्यावर टाकली आणि पुकारलं. इसाको, सवाई बेटाचा सुपुत्र, ज्याचा आजा व्हेलच्या पाठीवर बसून आला (हे मी जागेवरच केलं), ज्याच्या पाठीशी आपिआचं सरकारी कार्यालय, जिथे परवानेसुद्धा मिळतात, त्याच्याकडून देवाच्या या स्टेशनाला मांसाची एक पेटी.

साहेब लाजून लाल झाला. तोच त्याचा फोन वाजला. सवाईहून त्याची आई. घरातल्या सगळ्यांना तिचा आवाज ऐकू येत होता, फोनशिवायही आला असता. आधी रडली. माझ्या पोराचं नाव देवाच्या रेडिओवर आलं, आता मी मरायला मोकळी. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "एकच पेटी? अख्ख्या बेटाने ऐकलं रे. तुझी मावशी आत्ता दारात उभी आहे. तोंड कुठे लपवू मी?"

साहेबाने मान खाली घालून ड्रायव्हरला लेउतूच्या दुकानात पिटाळलं. दुसरी पेटी आली. मी परत पुकारायला उठलो तर साहेब खालच्या आवाजात म्हणतो, "काका, कुठून आणली तेही सांगा. नाहीतर आईला वाटेल ऑफिसातली उचलली."

मी सांगितलं. लेउतूच्या दुकानातून. नंतर त्याच्याकडे वळून विचारलं, साहेब, ही जाहिरात झाली का? तो बराच वेळ कोको प्यायला. पेला केव्हाच रिकामा झाला होता. शेवटी त्याने कागदावर लिहिलं, की गावच्या रीतीप्रमाणे देणगीची पोच दिली जाते, जाहिरात आढळली नाही, परवाना पुढे चालू. (आपला परवाना गावापुरता आहे आणि तिकडे सवाईत त्याची आई आपलं स्टेशन ऐकते, हे त्याच्याही ध्यानात आलं. पण ते लिहायचं तर आईला साक्षीला बोलवावं लागलं असतं.) मला एवढंच म्हणाला, बर्फ तेवढा सोडा. सोडला. लेउतू माझ्याशी बोलत नाही. घरी आलो तर आई म्हणाली, दुसरी पेटी उशिरा आली रे, पण आली. आणि आवाज बारीक करून झोपली.

तर असा जिंकलो. उगाच सभा नाही, वकील नाही. सगळ्यांना प्रेम.

तुझा भाऊ,
वाइफाले

ता. क. साहेबाने जाता जाता एक अट घातली. एरियल ब्रेडफ्रूटच्या झाडाला बांधलेलं चालणार नाही, वारा सुटला की उपदेश हलतो. मुलांच्या सणाच्या रविवारच्या आत लोखंडी खांब हवा, नाहीतर परवाना गेलाच. हे काही मोठं काम नाही.

आणखी ता. क. कालच्या प्रार्थनेनंतर मी खांब पुकारला. मासिना, ऑकलंडची, जिच्या घरासमोर समुद्रसुद्धा वाकून वाहतो, तिच्याकडून एक खांब, नवा, गंज न चढणारा. आईने आवाज एवढा मोठा केला की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली. पुकारलेलं मागे घेता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. इसाकोच्या आईनेही ऐकलं, ती तुला आशीर्वाद देते. नवऱ्याला तू सांग. खांब किती उंच पुकारला आणि तुला आधी का विचारलं नाही, याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.