सार घरी नाहीत

रविवार, संध्याकाळ. शोळिंगनल्लूर.

टीव्ही चालू झाला. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

आठ दिवस मेल्यासारखा पडला होता, लाल दिवासुद्धा लागत नव्हता. सासूबाईंना तमिळ येत नाही. सोलापूरहून आल्यापासून दिवसभर मराठी ऐकायला तेवढंच होतं त्यांना. काळ्या पडद्यासमोर नुसत्या बसून राहायच्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड गेला, नवा टीव्ही घ्या. मी त्याला बोर्डावरचा फुगलेला कपॅसिटर दाखवला, तर माझ्याकडे न बघताच विचारतो, "सार घरी नाहीत का?" सार, म्हणजे सर! म्हणजे आमचे महेशराव. नवऱ्याला साधा फ्यूज बदलता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझा आहे.

म्हणून काल रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तसलाच कपॅसिटर आणला. आज प्लग काढून, आतली वीज उतरावी म्हणून बराच वेळ थांबले आणि झाकण उघडलं. महेश म्हणाला, "उगाच हात घालू नकोस, शॉक बसेल."

"तू गप रे. करू दे तिला," सासूबाई म्हणाल्या आणि टॉर्च धरून माझ्याशेजारी बसल्या. बारा वर्षांनी सोल्डरिंग करत होते. इथे खोटं कशाला लिहू? पहिला डाग नीट बसला नाही. काढून पुन्हा दिला.

लाल दिवा लागला, मग चित्र आलं. सासूबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

सार घरी नाहीत का म्हणे! होते की. सोफ्यावर बसले होते.

आता महेश विचारतोय, किती दिवस टिकेल? मला काय माहीत? बंद पडला तर पुन्हा उघडीन.