ताटावर आडवा हात

१२ नोव्हेंबर, बुधवार
मी बोलून राह्यली, निर्मला लिहून राह्यली. निर्मला म्हणजे बाजूच्या घरची, शाळेतली रिटायर बाई. मले अक्षर येत नाई, तिले दिवसभर काम नाई, म्हून आमचं जमते. पहिल्याच ओळीत तिनं 'मला' लिहिलं. म्हटलं, मी 'मले' म्हणते तं 'मले'च लिही. म्हणे, 'शुद्ध नाही ते.' म्हटलं, एवढी वर्षं पोट्ट्यायले शुद्ध शिकवलं, एक तरी बोलते का आपल्या हिंगणी गावात? मग लिहिलं.

हे लिहिणं हौसेचं नोहे. सोमवारी गुडघ्यासाठी सेवाग्रामले गेलती. डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो पाह्यला, मग माह्याकडे पाह्यलं, मग पुन्हा फोटोकडे. 'आजी, आधी पाच किलो उतरवा. मग ऑपरेशन.' संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वजन करायले बोलावलं.

संध्याकाळी प्रकाशचा फोन. माहा पोरगा, पुण्याले राह्यते. 'आई, वजन उतरलं तर ऑपरेशन करू, तू राहा तिथंच. नाहीतर घराला कुलूप लावू आणि तू इकडे. अशा गुडघ्यानं तू एकटी, मला झोप लागत नाही.' मागून सुनेचा आवाज, 'लिफ्ट आहे म्हणावं.'

लिफ्ट आहे. बरं.

१३ नोव्हेंबर
आहारवाल्या बाईचं सांगायचं राह्यलं. डॉक्टरनंतर तिच्याकडे बसवलं. कोवळी पोरगी, काडीसारखी. विचारे, 'आजी, पोट भरलं हे तुम्हाला कसं समजतं?' म्हटलं, गंज रिकामा झाला की. गंज म्हणजे निर्मलाच्या शुद्ध भाषेत पातेलं.
हसली. मी तं खरं सांगतलं.
मग तिनं समजावलं. हळू खा. जेवता जेवता मधातच थांबा. पोटाले विचारा, भूक बाकी आहे का. गच्च व्हायच्या आधी उठा. अन् रोज लिहा, भूक होती का, खाल्ल्यावर पोटात कसं वाटलं. येत नसन तं लिहून घ्या कोणाकडून.
निर्मलानं भूक म्हणजे भू. केलं, पोट म्हणजे पो., अन् सोताचं नाव नि. शाई वाचवते.

आज दोन भाकरी, वांगे, वरण-भात.
भू. – माहीत नाई. बारा वाजले होते.
पो. – भांडे घासायले बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर
पोटाले विचारलं. काईच बोललं नाई. एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नाई, आता एकदम विचारलं तं नव्या सुनेसारखं खाली मान घालून बसलं.

त्याचीबी काय चूक. घरात सात माणसं. सासरा, माहा नवरा म्हणजे बुढा, दीर, पोट्टे, सासू, सर्वे जेवले की मी. गंजात उरलं तं जास्त, नाई उरलं तं कमी. तळ दिसला की जेवण झालं. आता माणसं गेली, गंज तोच आहे. तुरीची दाळ घ्यायले हात घातला की हात सात जणांची घेते. अन् मग फेकवत नाई.
नि. म्हणे, 'लहान गंज घ्या.'

२० नोव्हेंबर
नि.नं सेलूहून लहान गंज आणला. पोरींच्या खेळातला वाटते. त्यात वरण लावलं तं वरणालेच लाज वाटली.
खाल्लं. मग पुन्हा लावलं.
'हे लिहू?'
'लिही. डॉक्टरनं खरं सांगा म्हटलं.'
पो. – गच्च. दोनदा.

२४ नोव्हेंबर
चार वाजता शेव, शेंगदाणे, गूळ, सकाळची अर्धी भाकर.
नि.नं पेन धरून विचारलं, भूक होती का.
चार वाजता बुढा वावरातून यायचा. सायकल भिंतीले टेकवायचा, तो आवाज आला की मी चहा मांडायची अन् डबा उघडायची. तो गेला त्याले दोन पावसाळे झाले. वावर आता दुसरा माणूस करते, वांगे आणून देते, पायरीवर ठेवते अन् जाते. भिंतीवर हँडलचा ओरखडा आहे. चार वाजले की मी डबा उघडते.
म्हटलं, लिही. भू. – नव्हती. चार वाजले होते.
नि.नं पेन खाली ठेवलं. मग म्हणे, चहा करू का. तिलेबी चार वाजले होते वाटते.

२८ नोव्हेंबर
सकाळी मिरच्या मागायले नि.कडे गेलती. ओट्यावर चहाचा कप अन् दोन टोस्ट.
'हे काय?'
'जेवण.'
'दुपारचं?'
'दोन्ही वेळचं.'
अन् मी गावभर सांगत होती, निर्मला पाहा, कशी मोजून-मापून खाते, अंगावर मास म्हून नाई. ती टोस्टवर चालून राह्यली. एकटीसाठी तवा कोण तापवणार, म्हणे.
म्हटलं, उद्यापासून माह्याकडे. दोघींचं लहान गंजात होते.
(मी हे लिहिणार नव्हते. – नि.)
लिहिलं ना शेवटी.

१ डिसेंबर
आज दुपारी नि. जेवायले बसली. मी म्हटलं, तू वाढ, मले कोणी वाढत नाई. मी हे सहज म्हटलं होतं. ती एकदम उठली अन् भाकरीचं टोपलं आपल्याकडे ओढलं.

तिले बुढ्याची गोष्ट सांगतली. आमच्याकडे 'पुरे' तोंडानं म्हटलेलं कोणी ऐकत नाई, ताटावर हात आडवा धरा लागते. बुढा हात धरायचा. मी कायची ऐकते, तव्यावरची अर्धी भाकर त्याच्या हातावरच ठेवायची, मागच्या अंगाले. 'हात भाजला ना वो,' म्हणे. अन् खाये. रोज. असं नाई की त्याले भूक राहे. अन् मले तरी कुठं वाढायचं राह्यलं होतं.

ऐकता ऐकता जेवली. एक भाकर झाली, मग अर्धी. निर्मलानं अजून उचलली अन् माहा हात ताटावर गेला. मी ठरवलं नव्हतं. आपोआप गेला. 'बस' म्हटलं.
तिनं भाकरीचा तुकडा माह्या हातावर ठेवला. मास्तरीण, शिकवलेलं लगेच शिकते.
'हात भाजला ना वो,' मी म्हटलं.

पो. – जड नाई. श्वास खालपर्यंत गेला. उठताना दोन हात टेकवते, आज एकच टेकवला. इतक्या वर्षांत पोट पहिल्यांदा बोललं, अन् मले ऐकू आलं.
(तुकडा खाल्ला नाही, टोपल्यात परत ठेवला. – नि.)

५ डिसेंबर
भू. होती. पो. हलकं. भाकर दीड. पालक.
रात्रीतून रानडुकरं वावरात शिरली, सारा वाफा उलथवला. वांगेवाला रडकुंडीले आला. म्हटलं, त्यांलेबी आहारवाल्या बाईकडे पाठव.

१२ डिसेंबर
गावातल्या दवाखान्यात दोघीबी काट्यावर चढल्या. माहे दोन किलो कमी. तिचे दोन वाढले.
म्हटलं, निर्मला, माहं वजन कुठं गेलं ते सापडलं.
कंपाउंडर हसला. नि. नाई हसली, लाजली. गालावर जराशी दिसून राह्यली आता.

१७ डिसेंबर
निर्मलाच्या पोरीचे दिवस भरत आले. अमरावतीले. बाळंतपणाले आई पाह्यजेच. आता उन्हाळ्याशिवाय निर्मलाचं परत येणं होत नाई.
हे तीच लिहून राह्यली, अन् हळू लिहून राह्यली.
म्हटलं, जा. काऊन जाऊ नये. पण तिथं टोस्ट नको खाऊ.
'तुम्ही गंज लहानच ठेवा.'
'ठेवते.'
मग तिनं फोनवर शिकवलं. भाषणाच्या माइकचं चित्र आहे, ते दाबायचं अन् बोलायचं. फोनच लिहिते. मग बाण दाबला की तिच्याकडे जाते. तीनदा दाबून दाखवलं. पोट्ट्यायले दाखवत असन तशीच, माहा हात धरून.

२१ डिसेंबर
फोनवर बोलून राह्यली. कोणी समोर नाई. बोलताना भिंतीकडे पाहावं का फोनकडे, ते नि.नं सांगतलं नाई.
एक आहे, हा मले शुद्ध शिकवत नाई. मी चूप राह्यली की आपोआप बंद होते.

२२ डिसेंबर
नि.चा फोन. म्हणे, 'काल काय पाठवलंत? तुम्ही काल मरण आणि भात जेवलात असं आलंय.'
वरण म्हटलं होतं.
म्हटलं, मीठ कमी होतं.
ती हसे, हसे. मग म्हणे, यापुढं ती तिथं दुरुस्त करून वहीत उतरवन. म्हणजे मीच चुकीची बोलून राह्यली.

२६ डिसेंबर
खरं सांगायचं आहे तं सांगते. मोठा गंज काढला. लहान गंजात पळी फिरवली की टणटण वाजते, एकटीच्या घरात लय वाजते. वरण सात जणांचं. तीन भाकरी. चार वाजता डबा. संध्याकाळी उरलेलं.
भू. – नव्हती.
पो. – उठली तं घोड्यावरल्या नवरदेवासारखं डुललं सारं.
हात आडवा धरायचा, पण कोणापुढे धरू. 'बस' हे कोणाले तरी म्हणा लागते. एकटीनं म्हटलं तं ते बोलणं नाई होत, पुटपुटणं होते.

२ जानेवारी
नि.च्या पोरीले पोरगी झाली. आज नि.चा चेहरा फोनमधी पाह्यला. फोन मिठाच्या बरणीले टेकवला अन् मी जेवायले बसली. ती तिकडून म्हणे, 'घ्या अजून अर्धी.' मी हात आडवा धरला, फोनले दाखवला. ती काई बोलणार, तेवढ्यात पोरगी रडली अन् ती गेली. फोनमधी छताचा पंखाच दिसे, तिच्या पोरीच्या घरचा, बंद.
जेवण झालं. भाकर दीडच. फोन बंद करायची आठवण राह्यली नाई.

७ जानेवारी
नवीन सोंग केलं. ताटात एकच भाकर घेऊन बाहेर पडवीत बसते, टोपलं आत. दुसरी पाह्यजे तं उठा लागते. उठायले लागली की गुडघा विचारते, खरंच भूक आहे काय वो बाई? पोटापेक्षा गुडघा स्पष्ट बोलते.
आज दोनदा विचारलं. एकदा खरंच होती, आणली. एकदा नव्हती. बसूनच राह्यली.
चार वाजता डबा उघडला नाई. भिंतीपाशी जाऊन उभी राह्यली, ओरखड्यावर हात फिरवला. चुना लागला हाताले. मग पाच वाजले.

११ जानेवारी
प्रकाशचा फोन. संक्रांतीच्या दिवशी गाडीनं येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्राम. 'बॅग भरून ठेव, आई. दोन्हीची तयारी पाहिजे.'
दोन्ही म्हणजे काय. दवाखान्यालेबी तेच लुगडे अन् पुण्यालेबी तेच.
भरली नाई.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकवाले आम्हाले कोणी बोलवत नाई, बुढा गेल्यापासून. पण तिळगूळ घरी येते. चार घरचे लाडू आले, ताटलीत ठेवले. एक खाल्ला. गोड बोलायले समोर कोणी नव्हतं, म्हून ताटलीशी गोड बोलली अन् झाकून ठेवली.
प्रकाश चार वाजता येते म्हणे. आता फोन ठेवते, भाकरी टाकायच्या आहेत. मोठा गंज काढला. आज हक्कानं.

१५ जानेवारी, सकाळ
प्रकाश गाडी पुसून राह्यला, तेवढ्यात बोलते.

रात्री त्याले वाढलं. वरण, भरीत, गरम भाकर. दोन भाकरीत त्यानं हात धरला. मी तव्यावरची अर्धी त्याच्या हातावर ठेवली. 'अगं आई, भाजलं ना,' म्हणे, अन् खाल्ली. त्याले माहीत नाई तो कोणासारखा बोलला. मी सांगतलं नाई.

मग म्हणे, 'आता तू बस, मी वाढतो.' या घरात पहिल्यांदा पोरानं मले वाढलं. भाकर वाढली, भरीत वाढलं. दीड झाली. पोटानं सांगतलं, स्पष्ट सांगतलं. माहा हात ताटावर गेला. 'बस.'
'नको? बरं,' म्हणे. अन् भाकर टोपल्यात ठेवली, झाकली, ताट उचलायले लागला. चांगला पोरगा आहे, सांगतलेलं लगेच ऐकते.
मी हात तसाच धरून होती जराशी. थंडच राह्यला.

भू. – होती.
पो. – भरलं. खरंच भरलं होतं. त्यात काई खोट नाई.

टेबलावर त्यानं नवीन कुलूप आणून ठेवलं आहे, कागदातलंच, किल्ल्या अजून तारेत आहेत. बॅग मी भरली नाई, त्यानं विचारलं नाई. मोठा गंज घासून उपडा घातला. लहान चुलीपाशी ठेवला, त्यात दुपारची दाळ भिजत घातली. एकीची. हातानं बरोबर घेतली आज.

निर्मला, काटा काय सांगन ते संध्याकाळी सांगते, इथून नाई तं गाडीतून. पोरीले वाढत जा, पण तिनं हात धरला की एकदम ऐकू नको.

हॉर्न वाजला. दाळ भिजून राह्यली. आता मी चूप राहते, म्हणजे हा बंद