प्लॉट नंबर चौदावरची नऊ जोडपी

मु. पो. लोहारा, जि. उस्मानाबाद
रविवार, दि. २५ मार्च १९७३

तीर्थरूप आबाराव मामांच्या चरणी, आधी भाचा आणि मग जावई झालेल्या श्रीमंतचा दोन्ही नात्यांचा मिळून एकच साष्टांग नमस्कार. (दोनदा वाकण्याइतकी ताकद सध्या अंगात नाही. कारण पुढे येईल.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा उन्हाळ्यात बरा असतो, तसा तो असेलच. मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे असं नळदुर्गच्या गाडीचा कंडक्टर सांगत होता, ऐकून समाधान वाटलं. इकडे आडात बादली सोडली की आधी खडखडाट ऐकू येतो आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. आम्ही येथे खुशाल आहोत असं पत्रात लिहिण्याची पद्धत आहे. त्यातलं ‘येथे’ तेवढं खरं आहे. ‘आम्ही’ म्हणावं तर परवापासून मी एकटाच उरलो आहे, आणि खुशालीचं म्हणाल तर रेशनवरच्या अमेरिकी लाल ज्वारीच्या, म्हणजे मिलोच्या, भाकरी स्वतःच्या हाताने थापून खातो आहे. त्या भाकरीला काठ नसतात, नुसतेच तुकडे असतात. मुक्ता परवा संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पोचली असेल आणि तिने काय सांगायचं ते सांगितलं असेल. आता दुसरी बाजू ऐकून घ्यावी. ती पहिलीपेक्षा चांगली आहे असा माझा दावा नाही, फक्त लांब आहे.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर ते तुमच्याच अंगणात निघतं, हे नम्रपणे नमूद करतो. लग्नात जावयाला सायकल देतात, घड्याळ देतात. तुम्ही दोन्ही दिलंत आणि निघताना बैलगाडीच्या मागच्या बाजूला हळूच एक टोपली ठेवलीत, वर ओला पंचा टाकून. मला वाटलं रुखवतातले लाडू असतील. अर्ध्या वाटेत लाडू घुमायला लागले तेव्हा नव्या नवरीने माझ्याकडे जे पाहिलं, ते तीन वर्षं झाली तरी पुरतं आहे. मामींनी तुमची ढाबळ घरातून हलवायला लावली, शेवटची जोडी तुम्ही भाच्याच्या गळ्यात बांधली आणि कबुतरांच्या नादातून कायमचे सुटलात, असं आख्खं अणदूर म्हणतं. (मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत काय घुमतं ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.) तुमच्या घरी अठरा वर्षं मुक्ताने कबुतरांची शीट झाडली. सासरी तिला दुसरं काहीतरी झाडायची इच्छा होती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “ह्या घरात एक तर म्या ऱ्हाईन, न्हाय तर ही.” मी तिला म्हणालो की तूच राहा. मी ते मनापासून म्हणालो होतो, फक्त कबुतरांबद्दल मी काहीच म्हणालो नव्हतो.

त्याच सुमारास इथे ‘श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था (नियोजित)’ निघाली. खरेदी-विक्री संघातले आम्ही सगळे कारकून सभासद झालो. गावापासून दोन मैलांवरच्या माळावर चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले आणि चौदा नंबर माझ्या वाट्याला आला. त्यावर एक बाभळ आहे, त्यामुळे तो संस्थेतला सगळ्यात बागायती प्लॉट समजला जातो. घर बांधायला सिमेंट मिळेना, सिमेंट मिळालं तर पाणी मिळेना, आणि पुढे पाऊसच नियोजित झाला. मग मी तिथे पत्र्याची एक खोली ठोकली, आत खोकी लावली आणि तुमची जोडी नेऊन ठेवली. जोडीच्या नऊ जोड्या झाल्या. रोज पहाटे ‘माळावर फिरून येतो’ म्हणून सायकल काढायची, दप्तराच्या पिशवीत दोन ओंजळी ज्वारी घालायची (तुम्ही दिवाळीला पाठवलेली, पांढरी शुभ्र. मिलो टाकून पाहिला, पण एका नराने तो चोचीत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला). कणगीतली ज्वारी उतरते आहे हे मुक्ताच्या लक्षात आलं. तिने उंदरांवर संशय घेतला आणि शेजारणीचं मांजर आणून ठेवलं. ते मांजर मला कणगीजवळ पाहिलं की अजून गुरकावतं. अशा वर्षात, माणसं खडी फोडायला जात असताना, मी पाखरांना ज्वारी घालत होतो आणि बायकोला मिलो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण आकाशात त्या नऊच्या नऊ जोड्या वळण घेतात तेव्हा कळलेलं सगळं माणूस विसरतो, हे तुम्हाला मी काय सांगावं!

मनाची समजूत घालायला मी तुमच्या गावच्या देवाचा आधार घेत असे. अणदूरचा खंडोबा काही महिने नळदुर्गला राहायला जातो. दोन गावं, दोन घरं, आणि कुणी काही म्हणत नाही. मग कारकुनाने एक घर आणि एक ढाबळ केली तर काय बिघडलं? (देव हलताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात, ही बारीकशी गोष्ट मी या विचारातून वगळत असे.)

आता मुख्य घोटाळा. संस्थेच्या प्लॉटवर वस्ती झाली नाही तर जमीन परत जाईल असा कागद आला आणि वस्ती तपासायला तालुक्याहून साहेब येणार असं ठरलं. आमचे चेअरमन महालिंगप्पा घाबरले. त्यांनी सभासदांना एक फॉर्म वाटला: प्लॉटवर राहत असलेल्यांचा तपशील. बाकीच्यांनी ‘निरंक’ लिहिलं. मी प्रामाणिक माणूस. मी लिहिलं, ‘जोड्या नऊ, पिल्ले चार.’ महालिंगप्पांचं अक्षर सुरेख आणि भाषेची त्यांना फार काळजी. सरकारी कागदात ‘जोड्या’ आणि ‘पिल्ले’ हे अडाणी दिसेल म्हणून त्यांनी नक्कल करताना ‘जोडपी नऊ, मुले चार’ असं शुद्ध करून लिहिलं. साहेब उन्हाचे आले, संस्थेच्या कचेरीत ताक प्यायले, कागद पाहून समाधान पावले आणि माळ लांबूनच बोटाने दाखवून घेऊन परत गेले. मी खोटं कुठेच लिहिलं नाही, मामा. खरं लिहिलं आणि दुसऱ्याला खोटं समजू दिलं, इतकंच.

गेल्या बुधवारी संस्थेची सभा झाली. तिथे महालिंगप्पांनी भाषण केलं. म्हणाले, अशा दुष्काळात आपल्या एका सभासदाने स्वतः भाड्याच्या घरात राहून आपल्या प्लॉटवर नऊ निराधार जोडप्यांना आसरा दिला आहे आणि त्याचा गवगवासुद्धा केलेला नाही. टाळ्या झाल्या. मला नारळ दिला. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. उठलोही होतो, पण उठलो म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूला मुक्ता बसली होती. घरी आल्यावर तिने गुळाचा चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तुमी मला कंदी बोलला न्हाईत.” एवढंच. पण असा आवाज तिने माझ्याशी बोलताना कधी काढला नव्हता. मी तो चहा प्यायलो. इतका गोड चहा इतक्या कष्टाने मी कधी प्यायलो नाही.

शुक्रवारी दुपारी मी कचेरीतून सटकून प्लॉटवर गेलो, तर पायवाटेने मुक्ता येताना दिसली. डोक्यावर पाटी, वर फडकं. तिने पाटी बाभळीखाली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं की नऊ जोडपी कुठे आहेत. मी खोलीकडे हात केला. ती दारात उभी राहिली. खोकं खोकं नजरेने मोजलं. नऊच भरली. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, आणि खरं सांगतो, तो झाला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “अठरा भाकरी केल्या म्या.”

मग तिने सगळी दारं उघडली. कबुतरं फडफडाट करत वर गेली. खडीच्या कामावरून येणारं एक धनगर जोडपं, बिराप्पा आणि नागूबाई, त्याच बाभळीच्या सावलीला टेकलं होतं. मेंढरं त्यांनी चाऱ्यावाचून आधीच घालवली होती. मुक्ताने पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि खोली दाखवली. नंतर ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही, मामा. ऊन डोळ्यांवर होतं आणि मी वर बघत मोजत होतो. सतरा झाली होती, तुमच्या जोडीतली पांढऱ्या गळ्याची मादी सापडत नव्हती. ती सापडली आणि मी मान खाली केली तेव्हा मुक्ता पार सडकेला लागली होती. गाडी गेली तशी धूळ तेवढी उडाली.

आता प्लॉट नंबर चौदावर एक जोडपं खरंच राहतं. संध्याकाळी कबुतरं परतली तर खोलीत नागूबाईची चूल पेटलेली. तेव्हापासून ती पत्र्यावर बसून असतात आणि मी बिराप्पाची परवानगी काढून त्यांना दाणे टाकतो. ही कापून खातात का, असं त्याने फार आदराने विचारलं. ही शर्यतीची आहेत असं मी सांगितलं. त्यावर तो पत्र्याकडे बघत म्हणाला, “मग पळत का न्हाईत?” कबुतर कितीही लांब सोडलं तरी घरी येतं, हे तुमच्या मांडीवर बसून शिकलो. घर रिकामं करून बाईमाणूस गेलं तर आपण काय करायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत.

तर मामा, मुक्ताला समजावून सांगावं. कबुतरं गुरुलिंगला देऊन टाकीन. (गिरणीवाला गुरुलिंग. त्याच्या ढाबळीत उवा आहेत, तरी देईन.) महालिंगप्पांपुढे उभं राहून सगळं खरं सांगेन. तिने फक्त यावं. घर फार मोठं झालं आहे, दोन खोल्यांचं असूनही.

मामींना नमस्कार. कळावे, आणि कळूनही न कळल्यासारखं मात्र करू नये.

तुमचाच,
श्रीमंत

ता. क. – कबुतरं देऊन टाकायची ती पाडव्यानंतर देईन म्हणतो. पाडव्याला माझी आणि गुरुलिंगची शर्यत ठरलेली आहे. दोघांच्या टोपल्या आदल्या दिवशी गाडीने तुमच्याकडे येतील. सकाळी सातच्या ठोक्याला त्या खंडोबाच्या देवळासमोर उघडायच्या आणि वेळ लिहून खाली सही करायची. हे काम जाणत्या आणि विश्वासू माणसाचं आहे आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला बसलो होतो, बाकीचं ओघात आलं. सोडण्याआधी पाणी पाजू नये. मुक्ताला यातलं काही बोलू नये.

ता. क. दुसरा – ती. आबांस मुक्ताचा नमस्कार. मी आज दुपारच्या गाडीने इथं लोहाऱ्याला सुखरूप पोचले. पोतं कंडक्टरने उतरवून दिलं. हे डिंक मागायला शेजारी गेलेत, पत्र उघडंच होतं, म्हणून वाचलं. मी रागावून माहेरी गेले असं यांनी लिहिलंय. मी जाताना यांना सांगितलं होतं की अणदूरला जाऊन पेवातले जोंधळे घेऊन रविवारी येते. हे वर बघत होते.

राग आहेच. कबुतरांचा नाही, तो तुमच्यापासूनचा आहे, जुना झाला. पण सभेत टाळ्या वाजल्या तेव्हा मी शेजारच्या बाईला सांगितलं की ते माझे मालक. ते बोलणं आता मला परत घेता येत नाही. म्हणून ती नऊ जोडपी खरी करायची असं मी ठरवलं आहे. एक झालं, आठ राहिलीत. जोंधळे त्यासाठीच आणलेत. कबुतरं इथं घराच्या माळवदावर येतील, शीट हे झाडतील. देवाच्या करारावर दोन्ही गावं सह्या करतात. आमच्या करारावर मी एकटीनं केली आहे, यांना संध्याकाळी वाचून दाखवीन. डिंकाची वाट बघत नाही, मिलोच्या पिठाच्या खळीनं पाकीट चिकटवते. मिलो कशाला तरी उपयोगी पडला.

आणि आबा, इंजिनाच्या खोलीतलं आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डोळे दाखवायला तुम्ही चार दिवस सोलापूरला होता, तेव्हा ती पाखरं काय वारा खाऊन राहिली? पाडव्याला टोपल्या आईकडंच द्या. ती सोडताना मोजत नाही, तरी सगळी परत येतात.